ठसा जुळतो

"इस्त्री कागदाला टेकवू नका, बोटभर वर धरा," असं मी म्हणाले. गुलनोराने ते त्यांच्या भाषेत सांगितलं आणि कॅप्टन रुस्तमने खरंच हातमोज्यातलं एक बोट आडवं धरून अंतर मोजलं. वर्गातले बाकीचे पोलीस अधिकारी हसले. मग इस्त्रीतून वाफ सुटली, आणि दोन-तीन मिनिटांत रसायन लावलेल्या त्या पांढऱ्या कागदाच्या खालच्या कोपऱ्यात जांभळट डाग दिसायला लागला. डागाच्या रेषा झाल्या, रेषांचा अंगठा झाला.

सगळा वर्ग टेबलावर वाकला. तीस वर्षं हेच काम केलं तरी त्या क्षणाला मलाही दरवेळी नवल वाटायचं. कुणीतरी कधीतरी कागद हातात धरलेला असतो, त्याचा घाम तिथे राहिलेला असतो, त्याला स्वतःलाही ते माहीत नसतं.

मी हेमलता कारखानीस. राज्याच्या पोलीस खात्यात बोटांच्या ठशांची तज्ज्ञ म्हणून मी निवृत्त झाले. ही गोष्ट निवृत्तीच्या तीन वर्षं आधीची. आमच्या सरकारने मला सात आठवड्यांसाठी एका परक्या देशात पाठवलं होतं, तिथल्या पोलिसांना ठशांचं काम शिकवायला. देशाचं नाव लिहीत नाही. तिथलं सरकार अजून तेच आहे, आणि ज्यांच्याविषयी मी सांगणार आहे त्यांचे नातेवाईक तिथेच राहतात. डोंगराळ देश, थंड, जर्दाळूच्या बागांचा. एकाच माणसाची तसबीर प्रत्येक भिंतीवर.

मला बोलावण्यामागे कारण होतं. त्याच्या चार वर्षं आधी आमच्या शहराच्या भाजी मंडईत बॉम्बस्फोट झाला. सव्वीस माणसं गेली. दुसरा एक बॉम्ब फुटलाच नाही. तो जेवणाच्या डब्यात ठेवलेला होता, आणि त्या डब्याच्या झाकणावरून मी दोन माणसांचे ठसे उचलले होते. त्यांतला एक माणूस या देशात लपलेला सापडला. माझ्या अहवालावर विश्वास ठेवून या देशाने त्याला आमच्या ताब्यात दिलं. आम्हाला तशी मदत फार थोडे देश करतात. त्याची परतफेड म्हणून मी आले होते. दुसरा माणूस अजून मिळायचा होता.

त्या स्फोटात विमल घुले नावाच्या पालेभाजीवालीचा नवरा आणि धाकटी बहीण गेली, तिचा स्वतःचा एक कान गेला. दर दोन-तीन महिन्यांनी ती आमच्या कचेरीत येऊन विचारायची, दुसरा घावला का? मी परदेशी निघाले हे तिला शिपायाकडून कळलं. ती येऊन म्हणाली, "बाई, तिकडं चाललाच हाय तर त्याला घिऊनच या." जणू मी बाजारातूनच काही आणणार होते. मी हसले, आणि हो म्हणाले.

तर तो जांभळा अंगठा. रुस्तमने सांगितलं होतं की हा जुन्या प्रकरणातला कागद आहे, सरावासाठी आणला. त्यावर त्यांच्या लिपीत टाइप केलेल्या ओळी होत्या, ओळीखाली ओळ, यादी असावी तशा. मला ती लिपी वाचता येत नव्हती. त्याने दहा माणसांचे शाईच्या ठशांचे तक्ते टेबलावर मांडले. नावं नव्हती, नुसते आकडे. म्हणाला, या दहांत तो आहे का, हे मॅडमनी आम्हाला करून दाखवावं.

मी भिंग लावलं. पहिले सहा तक्ते बाजूला टाकायला वेळ लागला नाही. सातवा उचलला आणि उजव्या अंगठ्यावर थांबले. तोच शंख, तीच वळणं, मधल्या दोन रेषांचं तेच फाटणं. आमच्याकडे आठ-दहा मुद्दे जुळले की पुरतं. मी फळ्यावर काढत काढत सोळापर्यंत गेले.

"सात नंबर," मी म्हणाले.

गुलनोराने ते लगेच सांगितलं नाही. ती माझी दुभाषी, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, विद्यापीठात हिंदी शिकलेली. आमचं सगळं बोलणं हिंदीत व्हायचं. तिने मलाच विचारलं, "हेमाजी, नक्की आहे?"

"शंभर टक्के."

"थोडीसुद्धा शंका नाही?"

मला वाटलं, पोरीला विषयाची गोडी लागली. मी म्हटलं, "कुठल्याही न्यायालयात सांगेन." तिने मान खाली घातली आणि वाक्याचं भाषांतर करून टाकलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. रुस्तमने हातमोजे काढून माझा हात हातात घेतला. तो माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी होता, आणि खरं सांगते, त्या टाळ्यांनी मला फार बरं वाटलं. तो शुक्रवार होता.

रविवारी गुलनोरा मला बागेत फिरायला घेऊन गेली. मी उतरले होते त्या सरकारी अतिथिगृहात ती कधीच मोकळं बोलत नसे, ते मला ठाऊक होतं. कारंज्यापाशी खूप आवाज होता. तिथल्या बाकावर बसून तिने सांगितलं की सातवा तक्ता नाझिरी सरांचा होता. शनिवारी सकाळी त्यांना घरातून नेलं.

बख्तियार नाझिरी म्हणजे तिथल्या विद्यापीठात हिंदी शिकवणारे प्राध्यापक, गुलनोराचे गुरू. ती त्यांना मुअल्लिम म्हणायची. आमच्या वकिलातीतल्या हिंदी दिवसाच्या कार्यक्रमात माझी त्यांची ओळख झाली होती. साठीचा, बारीक, फार सभ्य माणूस. मी मराठी आहे म्हटल्यावर त्यांनी आमचा ळ शिकवा म्हणून माझ्यापाठी लकडा लावला. अर्धा तास आम्ही दोघं कोपऱ्यात उभे राहून कमळ, केळं, बाळ असं म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी जर्दाळूची पिशवी पाठवली होती.

"पण त्यांनी केलं काय?" मी विचारलं.

गुलनोराने जे सांगितलं ते तिने बहुधा आधी कुणालाच इतकं सलग सांगितलं नसावं. दोन वर्षांपूर्वी दक्षिणेकडच्या एका गावात लोक चौकात जमले आणि सैन्याने गोळ्या घातल्या. त्यानंतर घराघरांतून माणसं उचलली गेली. ती कुठे आहेत हे कुणी सांगत नाही, विचारायची बंदी आहे. कागदावर त्या माणसांची नावं होती. एकेचाळीस नावं, वयं आणि गल्ल्या. दुसरं काही नव्हतं. तो कागद शहरातल्या भिंतींवर चिकटलेला सापडत होता. गेल्या आठवड्यात विद्यापीठातल्या दहा जणांना बोलावून त्यांचे ठसे घेतले होते.

"तू कागद ओळखलास?"

"वर्गात आणला तेव्हाच. म्हणून तर मी तुम्हाला विचारलं." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "दोनदा विचारलं."

कारंज्याचं पाणी वाऱ्याने आमच्या अंगावर येत होतं आणि आम्ही उठत नव्हतो.

मग ती म्हणाली की रुस्तम आता माझ्याकडे लेखी अहवाल मागेल. त्यांच्या माणसांना अजून प्रमाणपत्रं मिळालेली नाहीत, आणि न्यायालयाला परदेशी तज्ज्ञाची सही मोठी वाटते. "तुम्ही पहिल्या दिवशी आम्हाला शिकवलं होतं," ती म्हणाली, "की ज्याला 'सांगता येत नाही' असं लिहिता येत नाही तो तज्ज्ञच नव्हे. तेवढंच लिहा. खोटं लिहू नका. सांगता येत नाही, इतकंच."

"पण सांगता येतं गं."

हे माझ्या तोंडून कसं निघालं मला कळलं नाही. मी तिला मंडईबद्दल सांगायला लागले. सव्वीस माणसं, तो डबा, विमल घुले. माझ्या सहीवर एक माणूस तुरुंगात आहे आणि मी एकदा जरी जाणूनबुजून चुकीचं लिहिलं तर उद्या त्याचा वकील तेच दाखवील. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, त्या सव्वीस जणांची नावं काय होती? मला पाच-सहाच आठवली. तिने टोमणा मारला असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, तिला खरंच जाणून घ्यायचं असेल.

सोमवारी रुस्तमने मला आपल्या खोलीत बोलावलं. चहा मागवला, मुलीचे फोटो दाखवले. ती नाच शिकत होती. मग त्याने खणातून एक तक्ता काढून माझ्यासमोर ठेवला आणि गुलनोरामार्फत म्हणाला की हा माणूस गेल्या महिन्यात सीमेवर पकडला, मॅडमना ओळखीचा वाटतो का बघा.

डब्याच्या झाकणावरच्या ठशांच्या प्रती मी शिकवण्यासाठी बरोबर आणल्या होत्या. मी त्या काढल्या. मधलं बोट आणि तर्जनी. कोपरं टेबलावर टेकवून भिंग लावलं. चार वर्षं मी तो ठसा इतक्या वेळा पाहिला होता की मुद्दे मोजायची गरजच नव्हती. तरी मोजले. तोच होता. मंडईतला दुसरा माणूस.

"तोच आहे," मी म्हटलं.

रुस्तम खूश झाला. मनापासून झाला, ते नाटक नव्हतं. त्यालाही पकडल्याचा अभिमान होता. त्याने सांगितलं की या माणसाला भारताच्या हवाली करायची फाइल गृहमंत्र्यांकडे गेली आहे, गुरुवारी बैठक आहे. मग त्याने दुसरा कागद माझ्यासमोर सरकवला. तो आमच्या वर्गातल्या ठशाच्या अहवालाचा नमुना होता. खाली माझ्या सहीची जागा मोकळी होती. नाझिरींचं नाव टाइप केलेलं होतं.

"हे सरावाचं प्रकरण होतं ना?" मी विचारलं.

गुलनोराने ते विचारलं. रुस्तम म्हणाला, सराव खऱ्यावरच चांगला होतो, हे मॅडमचंच वाक्य आहे. ते माझंच होतं. मग म्हणाला, घाई नाही, बुधवारपर्यंत वाचा, विचार करा. "बुधवारी माझ्या टेबलावरचे दोन्ही कागद मार्गी लागले तर मला बरं वाटेल." इतकंच. सौदा, अट, धमकी यांतलं काहीही त्याने उच्चारलं नाही. चहा चांगला होता का एवढं मात्र दोनदा विचारलं.

मंगळवारी दुपारी मी वकिलातीत गेले. तिथे निखिल देशकर नावाचे नागपूरचे अधिकारी होते, पस्तिशीचे. त्यांनी मला आल्यापासून घरच्यासारखं वागवलं होतं. मी घडलं ते सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ते उठून खिडकीपाशी गेले. नाझिरी त्यांच्याकडे दर गुरुवारी यायचे, त्यांच्या बायकोला इथली भाषा शिकवायला. अटकेची बातमी त्यांना होती. तो अंगठा मी जुळवल्याची नव्हती.

"राजदूतसाहेब बोलतील का त्यांच्यासाठी?" मी विचारलं.

"बोलतील. योग्य वेळ पाहून."

"ती कधी येते?"

ते खिन्न हसले. मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि ते खोटं बोलत होते असं मी आजही म्हणणार नाही. उत्तरेकडे जायचा आपला एकच रस्ता या लोकांच्या अंगणातून जातो. उद्या आपण यांच्यावर रागावलो तर यांचं काही अडत नाही, शेजारी दुसरे तयार आहेत. ते या देशात आले की ना नाझिरी राहतील ना मंडईचा गुन्हेगार मिळेल. आत्ता आपलं थोडंतरी ऐकतात. मागच्या वर्षी दोघांना गुपचूप सोडवलं होतं, ते कुठे छापून आलं नाही, येणारही नाही.

"मग मी काय करू? लिहू?"

"मॅडम, मी तुम्हाला लिहा म्हणणार नाही," ते म्हणाले. "आणि लिहू नका असं पण म्हणणार नाही. तुम्ही नाही लिहिलं तर मी दिल्लीला कळवीन की तज्ज्ञांना अडचण होती. तेवढं मी करू शकतो. गुरुवारच्या बैठकीचं मात्र मला सांगता नाही येत."

"ठसा त्यांचाच आहे, देशकर."

"म्हणूनच तर म्हटलं न, मी काही म्हणणार नाही."

वकिलातीच्या जिन्यावरून उतरताना मला त्यांचा राग आला. मग लक्षात आलं की त्यांनी मला हुकूम द्यावा असं मला वाटत होतं. हुकूम असता तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी मी दोन अहवाल लिहिले. एकात ठसा अपुरा, अभिप्राय देता येत नाही. तो लिहिताना हात अडला नाही याचंच मला आश्चर्य वाटलं. तो वाचून पाहिला तर त्यात एकही शब्द असा नव्हता की ज्यावर कुणी बोट ठेवावं. मग दुसरा लिहिला. सोळा मुद्दे, ठसा जुळतो. हाही वाचला. दोन्ही शेजारी ठेवून मी जेवायला गेले. परत आले तेव्हा कुठला खरा आणि कुठला खोटा हे मला माहीत होतं, पण कुठला बरोबर हे सांगता येत नव्हतं. मला वाटलं होतं या दोन गोष्टी एकच असतात. निदान आमच्या धंद्यात तरी.

मी मुअल्लिमांच्या बाजूने विचार करायला बसले की विमल घुले येऊन उभी राहायची. तिच्या बाजूने करायला लागले की ळ म्हणणारे ते गृहस्थ. देशाचा विचार म्हणजे नेमका कुणाचा, तेही कळेना. देश म्हणजे देशकर, की तो उत्तरेचा रस्ता, की विमल? आणि त्या सगळ्यांखाली आणखी एक गोष्ट होती, ती कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. भर वर्गात शंभर टक्के म्हणून सांगितल्यावर त्याच वर्गासमोर 'येत नाही' म्हणायची मला लाज वाटत होती.

बुधवारी मी दुसरा अहवाल नेला. त्यात शेवटी माझ्या हाताने एक ओळ वाढवली होती: 'ठशावरून इतकंच सिद्ध होतं की या हाताने या कागदाला स्पर्श केला, कागद कुणी लिहिला, का लिहिला किंवा कुणी लावला, हे ठसा सांगत नाही.' ती ओळ शास्त्राला धरून होती. तेवढीच मला सापडलेली फट होती.

रुस्तमने अहवाल गुलनोराकडे दिला. तिने तो उभ्यानेच वाचून दाखवला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एका सुरात, कुठेही न अडखळता. सोळा मुद्दे तिने एकेक करून सांगितले. शेवटच्या ओळीलाही तिचा आवाज बदलला नाही. रुस्तमने मान डोलावली. म्हणाला, ही ओळ फार शास्त्रीय आहे, यावरून मॅडम किती काटेकोर आहेत ते दिसतं, न्यायालयावर चांगली छाप पडेल. मी सही केली.

गुलनोराने डोकं दुखतंय म्हणून घरी जायची परवानगी मागितली. माझ्याजवळून जाताना ती थांबली, माझ्या खांद्यावरून घसरलेली शाल नीट केली आणि गेली. दुसऱ्या दिवशीपासून दुसरा दुभाषी आला. शालीचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

मी परतल्यावर तीन आठवड्यांनी दुसऱ्या माणसाला विमानाने आणलं. खटला उभा राहिला, मी साक्ष दिली. त्याने गुन्हा केलाच होता, याबद्दल कुणाच्याही मनात शंका उरली नाही, त्याच्या स्वतःच्या वकिलाच्यासुद्धा. निकालाच्या दुसऱ्या दिवशी विमल घुले मेथीच्या दोन जुड्या घेऊन माझ्या घरी आली. उंबऱ्यावरच माझे पाय धरायला वाकली.

"बाई, तुमी शब्द पाळला," ती म्हणाली. "आता ह्यो कान गेल्याचं बी मला काय वाटत न्हाई."

मी तिला उठवलं, बसवलं, चहा केला. ती किती तरी वेळ नवऱ्याविषयी बोलत होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हसून बोलत होती. तिच्याकडे बघून मला वाटलं, केलं ते ठीकच केलं. ती गेल्यावर मेथी निवडायला बसले. नवऱ्याने विचारलं, रडतेस का? मी म्हटलं, नाही. भाजी चांगली झाली होती, दोघंही पोटभर जेवलो.

नाझिरींना नऊ वर्षांची शिक्षा झाली, हे मला देशकरांच्या दोन ओळींच्या पत्रातून कळलं. राजदूत बोलले होते का ते त्यात नव्हतं. मला त्या वर्षी खात्याचं गौरवचिन्ह मिळालं. समारंभाच्या भाषणात साहेबांनी त्या परदेश दौऱ्याचाही उल्लेख केला.

बऱ्याच वर्षांनी, मी निवृत्त झाल्यावर, नागपूरला एका लग्नात देशकर भेटले. केस पांढरे झालेले, दुसऱ्याच कुठल्या देशातून सुट्टीवर आलेले. पंगत बसायला वेळ होता. आम्ही मांडवाच्या बाजूला खुर्च्या ओढून बसलो. इकडचं तिकडचं झालं. मग ते म्हणाले, "मॅडम, एक सांगायचं राहून गेलं तुम्हाला. मंडईतल्या त्या माणसाच्या फाइलवर तिथल्या मंत्र्यांची सही मंगळवारीच झाली होती. सकाळी."

मला आधी कळलंच नाही. "कुठल्या मंगळवारी?"

"तुम्ही माझ्याकडे आल्या होत्या त्याच. गुरुवारची बैठक नुसती नावापुरती होती. तुम्ही लिहिलं असतं, नसतं लिहिलं, तो माणूस येणारच होता."

"तुम्हाला माहीत होतं?"

"नाही. मला शुक्रवारी कळलं." ते माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, आणि मी तीस वर्षं पोलिसांत काढलेली बाई असूनही मला ओळखता आलं नाही की ते खरं बोलतायत का. खरंच बोलत असतील. मी विचारलं, मग इतके दिवस कळवलं का नाही. ते म्हणाले, कळवून तुमचं काय भलं झालं असतं? मग पंगतीला बोलावणं आलं, आणि आम्ही शेजारी शेजारी बसून जेवलो.

त्यानंतर कितीतरी दिवस मी तो मंगळवार मनात उलटसुलट फिरवला. सही आधीच झाली होती हे मला कळलं असतं, तर मी पहिला अहवाल दिला असता का? दिला असता असं म्हणावं तर मग ठसा जुळतो हे सत्य मी कशासाठी सांगितलं, सत्य म्हणून की किंमत म्हणून? आणि नसता दिला असं म्हणावं, तर विमलचं नाव मी उगाच पुढे करत होते. नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, तू खरं लिहिलंस, विषय संपला. तो शिक्षक माणूस, त्याचे विषय संपायचे.

गेल्या वर्षी जानेवारीत फोन आला. परदेशी नंबर होता. पलीकडून कुणीतरी स्वच्छ, पुस्तकी हिंदीत म्हणालं, "हेमाजी, मी गुलनोरा."

ती आता युरोपातल्या एका लहान गावात असते. म्हाताऱ्या माणसांच्या संस्थेत त्यांची देखभाल करते. माझा नंबर तिने देशकरांकडून मिळवला होता. तिचा आवाज होता तसाच होता. नवरा आहे, मुलगा आहे, हिवाळा फार मोठा असतो. मग तिने सांगितलं की मुअल्लिम गेले. सहा वर्षांनी त्यांना सोडलं होतं, तब्येत बिघडली म्हणून. पुढे ते खेड्यात बहिणीकडे राहिले. शेवटी शेवटी डोळ्यांना दिसत नव्हतं, पण शेजारच्या मुलांना हिंदी शिकवायचे. आठवड्यापूर्वी झोपेतच गेले.

मी काय बोलले ते आठवत नाही. रीतीप्रमाणे बोलतात तसं काहीतरी असेल. मग जे इतकी वर्षं मनात होतं ते विचारलं, "त्यांना माहीत होतं, मी होते म्हणून?"

"हो. न्यायालयात अहवाल वाचला ना, तुमच्या नावासकट."

"शेवटची ओळ वाचली?"

"नाही. ती काढली होती. पण मला पाठ होती. ते सुटून आले तेव्हा मी भेटायला गेले होते, तेव्हा सांगितली."

फोनमध्ये मागे कुणा म्हाताऱ्याचा खोकल्याचा आवाज येत होता.

"काय म्हणाले ते?"

"त्यांनी विचारलं, त्या ओळीमुळे त्या बाईंना घरी गेल्यावर काही त्रास तर झाला नाही ना? मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, कधीतरी विचारून सांगेन. ते राहूनच गेलं." मग ती अगदी साधेपणाने म्हणाली, "म्हणून आता विचारते. झाला का तुम्हाला त्रास?"

मी फोन कानाला लावून उभी होते. नाही, हा एवढाच शब्द होता, आणि तो खरा होता.

"हेमाजी, ऐकू येतंय ना?" ती म्हणाली.

ऐकू येत होतं. मला काहीसुद्धा त्रास झाला नव्हता, हे तिला सांगायला मला फार वेळ लागला.